पाण्याच्या दोन जुड्या

राग हा माझा सर्वांत जुना सोबती. दात आले आणि गेले, केस आले आणि गेले, पण चौदाव्या वर्षी जो राग येऊन बसला तो अजून ओसरीवरून उठायला तयार नाही. त्याचं मूळ पाण्यात आहे असं सांगितलं की लोक मान डोलावतात. त्यांना वाटतं, कालव्याच्या पाळीवरून भांडण झालं असणार. इंदापूर तालुक्यात पाण्यावरून राग धरायला दुसरं कारण लागत नाही. पण माझं पाणी फळ्यावरचं होतं, खडूनं लिहिलेलं. त्यानं एक वाफासुद्धा भिजला नसता.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. आमची जमीन अंथुर्ण्याला, कालव्याखाली. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा ऊस, आमची मात्र भाजी: मेथी, कोथिंबीर, वांगी, आणि बांधाला चार केळी. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. सातवी झाल्यावर आबांनी मला बारामतीच्या हायस्कुलात घातलं आणि जळोचीला मावशीकडे ठेवलं. जळोची तेव्हा बारामतीच्या बाहेरचं खेडं होतं. तिथून चालत शाळेत जायचं, चालत यायचं.

घरात शब्द चालायचा तो थोरल्या चुलत्यांचा, तात्यांचा. तात्यांनी मला पाठवताना अट घातली होती.

"शास्त्र शिकती तवर शिकू दे. उद्या आपल्याच गुरांना औषध देईल. पण शिवण-टिपण शिकायला बारामती कशाला? ते हितं आमची म्हातारी शिकवील, आन वर चार भाकरी बी थापून घेईल."

ही अट नीट ध्यानात ठेवा, कारण आमच्या शाळेत दहावीपासून मुलींपुढं दोनच वाटा होत्या. एक शास्त्र, दुसरी शिवण. आणि कोणती मुलगी कुठल्या वाटेनं जाणार हे शास्त्राच्या सरांच्या हातात होतं. त्यांनी नववीतच सांगून टाकलं, "वर्षाच्या शेवटी एकेकीला फळ्यावर समीकरण देईन. येईल ती शास्त्राला. नाही येणार ती सुईदोऱ्याला." म्हणजे माझ्यासाठी, नाही येणार ती अंथुर्ण्याला.

माझ्यासारखीच एक मुलगी मावशीच्या शेजारच्या घरात होती. दोघी रोज बरोबर जायचो, म्हणून मी तिला जोडीदारीण म्हणायची. तिच्या आजोबांचाही हिशेब तात्यांच्याच चालीचा: शास्त्र असेल तर शाळा, नाहीतर म्हैस.

आता त्या वेळची मी कशी होते ते सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला दया येणार नाही. तेलानं थबथबलेल्या दोन वेण्या, गुडघ्याला खरूज, आणि डोक्यात एवढी हवा की कालव्यात पडले असते तरी बुडाले नसते. गावात सातवीला पहिली आलेली ना मी! गावात सातवीला आम्ही तिघंच होतो हे मी बारामतीत कुणाला सांगितलं नव्हतं.

तर सरांनी एके दिवशी फळ्यावर लिहिलं:

H₂ + O₂ → H₂O

"हायड्रोजन आणि प्राणवायू मिळून पाणी. आता लक्ष द्या. समीकरण म्हणजे तराजू. दोन्ही पारडी सारखी हवीत. हायड्रोजन इकडे दोन, तिकडे दोन, ठीक. प्राणवायू डावीकडे दोन, उजवीकडे एक. पारडं झुकलं. कोण सारखं करील?"

तराजू! अख्ख्या वर्गात तराजू हातात धरलेली मी एकटी. वकिलाची पोरं, पेढीवाल्यांची पोरं, त्यांना तराजूची दांडी कुठल्या बोटावर पेलायची ते ठाऊक होतं का? मी हात वर केला आणि बोलावण्याआधीच उठले.

आबांनी मला सहाव्या वर्षी शिकवलं होतं. तोलायच्या आधी रिकामा तराजू उचलून बघायचा. एक पारडं वर राहिलं तर त्याच्या दोरीला एखादा खडा बांधायचा. तो पासंग. दांडी आडवी झाली की मग तोलायला लागायचं. पासंग न लावता तोलणारा एक तर अडाणी, नाहीतर लबाड.

मी खडू घेतला. उजवं पारडं हलकं होतं. त्याच्या कडेला मी पासंग लावला:

H₂ + O₂ → H₂O + O

दोन-दोन, दोन-दोन. आबा झटकतात तसे हात झटकले आणि वर्गाकडं तोंड करून उभी राहिले, टाळ्यांची वाट बघत. खरंच बघत होते हो. काय ध्यान होतं!

"हे काय आहे?" सर म्हणाले.

"पासंग, सर."

आधी मागचे बाक फुटले, मग पुढचे. सर स्वतःच एवढे हसले की त्यांना टेबलाला टेकावं लागलं.

"भाजीवालीच आहे ही! उरलेला प्राणवायू गिऱ्हाइकाच्या पिशवीत वरून टाकलास होय?"

सर्वांत जास्त हसली माझी जोडीदारीण. वहीआड तोंड घालून, खांदे गदगदा हलवत. तिच्या घरीही भाजीच होती, पण त्या दिवशी ती वकिलाच्या घरात जन्मल्यासारखी हसली.

मी विचारलं, "पण सर, पारडी सारखी झाली ना?"

आजही मला वाटतं, त्या वर्षात त्या वर्गात विचारला गेलेला शहाणा प्रश्न तो एकच. पारडी झाली होतीच सारखी. मग चुकलं कुठं? ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सरांनी ते वाक्य सांगितलं नाही. डस्टरनं माझा पासंग पुसला, दोन ठिकाणी दोनाचे आकडे घातले:

2H₂ + O₂ → 2H₂O

"उत्तर असं आहे. उलट बोलायचं नाही. पाठ करा."

मी पेटले. घरी येऊन मावशीच्या तव्यावरची भाकरी करपवली, म्हशीला शेपटीवरून चापटी मारली. आठवडाभर मनात त्या माणसाच्या टोपीला आग लावत होते. आणि मग हट्टानं दुसरा उपाय शोधला. सुटा O चालत नाही ना? मग तो आतच घालू. H₂O मधल्या O च्या खाली मी बारीकसा दोन काढला. H₂ + O₂ → H₂O₂. किती सुबक! एक काडी इकडची तिकडं नाही. दुसऱ्या तासाला वही घेऊन सरांच्या टेबलाशी गेले.

सरांनी वही दोन बोटांत धरून वर्गाला दाखवली. "हे बाईंचं पाणी. हे पिऊन दाखव, मग तुला शास्त्रात घेतो."

पुन्हा हशा. पुन्हा "पाठ करा." का चुकलं, ते याही वेळी नाही. ही गोष्ट मी अजून माफ केलेली नाही. मुलाला येत नसेल तर हसा, मारा, काय वाटेल ते करा. पण कारण हातात असताना ते मुठीत दाबून ठेवायचं, याच्यासारखी कंजुषी नाही. असं मी तेव्हा तावातावानं म्हणायची. हे माझं वाक्य जपून ठेवा, पुढं ते माझ्याच डोक्यात घालायचं आहे.

बाजाराच्या दिवशी आबा बैलगाडी घेऊन यायचे. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याजवळ बसायची. त्या आठवड्यात बसले ती गाल फुगवून. सरांचा राग आबांवर काढायचा असं मी ठरवूनच आले होते. पासंग शिकवला कुणी? आबांनी. हसू झालं कुणाचं? माझं.

आबांची मेथीची जुडी बाजारात ओळखीची होती. आबांच्या मुठीत मावेल तेवढी मेथी, केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा बंद, एकच गाठ. लोक जुडी उलगडून बघत नसत. आबांची आहे एवढं पुरे.

दुपार होत आली तेव्हा खानावळवाले आले. आबा समोर चहाला गेले होते.

"आबांना म्हणावं, बारा जुड्या मेथी. पंगतीचं वाढप आहे. आलोच मी डबा घेऊन."

पोत्यावर अकरा जुड्या होत्या. बारावी कुठून आणायची? माझी अक्कल लगेच धावली. अकराही जुड्यांचे बंद सैल केले, प्रत्येकीतून पाच-सहा काड्या ओढल्या, त्यांची एक जुडी बांधली. बारा! पुन्हा हात झटकले.

आबा आले. वरची जुडी उचलली, नुसती उचलली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ही कुणी सोडली?"

"बारा पायजे व्हत्या. बारा केल्या."

"बारा केल्यास?" आबांचा आवाज एवढा चढला की पलीकडची वांगीवाली उठून उभी राहिली. "एक बी केली न्हाईस! अकरा व्हत्या त्या बी घालीवल्यास. ही माझी जुडी हाय का? ही कुणाची बी न्हाय!"

"पण बारा झाल्या न्हवं? सारखं झालं न्हवं?" मीही ओरडले. तोच प्रश्न, तीच मी. "तुमीच शिकवता सारखं करायला, आन सारखं केलं की समदे माझ्यावरच वरडता! त्यो मास्तर बी आन तुमी बी!"

"जुडीत हात घालायचा न्हाय!" आबांनी जुडी पोत्यावर आपटली. "जुडी सोडली की तिचा पाला हुतो. कमी पडली तर वाफ्यातनं दुसरी काढायची. एक का दोन का धा काढ, पण आख्खी काढ. आतल्या काड्या घटवून-वाढवून जुड्या न्हाय वाढवायच्या. कळलं का, शाळंत जाणारे?"

खानावळवाले डबा घेऊन आले. आबांनी त्यांना हात जोडले. "आज मेथी न्हाय. पुढल्या बाजारी बारा देतो, माझ्या हातच्या." आणि त्या बारा जुड्या बैलांपुढं टाकल्या.

मी रडत होते, रागानं. नाक वाहत होतं. बैल मेथी खात होते, आणि मी शिव्या घालायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

अकराच्या बारा. काड्या इकडच्या तिकडं करून. मी वहीत हेच केलं होतं की! H₂O च्या आत हात घालून एक काडी वाढवली आणि वर म्हणत होते, हे पाणीच आहे. ते पाणी राहिलंच नव्हतं. कुणाची तरी दुसरीच जुडी झाली होती; तिला हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणतात आणि तिनं जखमा धुतात, हे पुढं कळलं.

मी तिथंच मातीत बोटानं लिहायला बसले. खालचा बारीक आकडा म्हणजे जुडीच्या आतल्या काड्या. त्याला हात लावायचा नाही. पुढचा मोठा आकडा म्हणजे जुड्या किती. तेवढाच आपल्या हातात. प्राणवायूची जुडी दोन काड्यांची, ती फोडून एक सुटी काडी पासंगाला लावता येत नाही. बरं. पाण्याच्या एका जुडीत प्राणवायूची एकच काडी. मग दोन काड्या संपवायला पाण्याच्या जुड्या दोन काढू. पण पाण्याच्या दोन जुड्या म्हटल्या की हायड्रोजनच्या काड्या लागल्या चार. हायड्रोजनची जुडी दोन काड्यांची, म्हणजे त्याही दोन जुड्या. डावीकडं हायड्रोजन चार, प्राणवायू दोन. उजवीकडं चार, दोन. दांडी आडवी. पासंग नाही, फोडाफोड नाही.

2H₂ + O₂ → 2H₂O.

सरांनी फळ्यावर लिहिलं होतं तेच. फरक एवढाच की आता मला त्यातला दोन कुठून आला ते माहीत होतं. आनंद व्हायला हवा होता. झाला असेल थोडा. पण मुख्य म्हणजे मी आणखी पेटले. एवढंच होतं? आबा आपल्या बैलांसमोर रागाच्या भरात जे बोलून गेले, ते खुर्चीत बसून पगार घेणाऱ्या माणसाला सांगता आलं नाही?

दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना मी सारखी बोटांवर मोजत चालले होते. लोखंडाचा गंज, मॅग्नेशियमची फीत, पुस्तकातलं एकेक समीकरण जुड्या मांडून सोडवत होते. सगळी येत होती. जोडीदारीण बाजूनं चालत होती. तिनं दोनतीनदा माझ्या बोटांकडं बघितलं.

"तुला यायला लागलं व्हय गं?"

"हं."

"मला बी सांग की. माझं डोकंच चालंना. आजा म्हणतोय, यंदा शेवटचं वरीस."

जळोचीपासून शाळेपर्यंतचा रस्ता. दोन्ही बाजूंना शेतं, शेतांत मेथी. हात लांब केला असता तर काडी हाताला लागली असती. आणि मी काय म्हणाले माहीत आहे?

"पाठ केलं मी."

का म्हणाले? ती वहीआड हसली होती म्हणून. ते हसणं माझ्या पोटात कच्च्या वांग्यासारखं बसलं होतं. शिवाय एकटीलाच येतं याची गुर्मी. फळ्यासमोर सगळ्या अडखळतील आणि मी तेवढी उभी राहीन, हे चित्र मी रोज मनात रंगवत होते. चित्रात माझी खरूजही बरी झालेली असायची.

ती पाठ करायला लागली. अख्खं पुस्तक. जाता-येता पुटपुटायची. मी शेजारून चालायची आणि ऐकायची, गप्प.

वर्षाच्या शेवटी चाचणीचा दिवस आला. सरांनी एकेकीला बोलवलं. माझ्या आधी जोडीदारणीचा नंबर होता. सरांनी पुस्तकाबाहेरचं समीकरण दिलं, प्राणवायू तयार करण्याचं:

KClO₃ → KCl + O₂

तिनं फळ्याकडं बघितलं. पाठ केलेल्यातलं हे नव्हतं. डावीकडं प्राणवायू तीन, उजवीकडं दोन. खडू हातात धरून ती पाठ केलेलं पुटपुटत राहिली. मग तिनं हळूच उजव्या कडेला लिहिलं: + O.

माझा पासंग. तिला दुसरं काही कुणी दाखवलंच नव्हतं.

"आली! दुसरी भाजीवाली!" सर म्हणाले, आणि वर्ग हसला.

मीही हसले.

हे लिहिताना मी पेन खाली ठेवून पाणी पिऊन आले. हसले मी. वहीआड नाही, उघड, दात काढून. झाली परतफेड, असं वाटलं त्या चौदा वर्षांच्या कार्टीला, म्हणजे मला. आज ती समोर आली तर तिच्या दोन्ही वेण्या धरून कालव्यात बुचकळून काढीन.

मग माझं नाव पुकारलं. सरांनी लोखंडाच्या गंजाचं समीकरण घातलं, पण घाईत लिहिलं:

Fe + O₂ → FeO₃

पुस्तकात गंज Fe₂O₃ होता. Fe च्या खालचा दोन सर विसरले होते. मला ते लगेच दिसलं. पण मी बोलले नाही, मुद्दाम. त्यांनी बांधलेल्या जुडीवरच पारडी सारखी केली: लोखंडाच्या दोन, प्राणवायूच्या तीन, गंजाच्या दोन. लोखंड दोन-दोन, प्राणवायू सहा-सहा. हात झटकले.

सरांनी आपल्या वहीत बघितलं. "चूक. लोखंडापुढे चार हवेत."

हाच घास हवा होता मला.

"चार कसे, सर? उजवीकडं लोखंड दोनच आहे."

"उत्तर चार आहे!"

"मोजून बघा की, सर." मी खडूनं टकटक केलं. "पुस्तकात Fe च्या खाली दोन आहे. तुम्ही फळ्यावर घालायचा विसरलात. तुमची जुडीच फुटलीय. फुटक्या जुडीला चार कुठून येणार?"

वर्ग आता सरांना हसला. त्यांनी एकदा फळा बघितला, एकदा वही बघितली, आणि त्यांचे कान लाल झाले. तेव्हा मला कळलं: त्यांनीही पाठच केलं होतं. बिचारे, असं म्हणायची माझी आज इच्छा आहे, पण होत नाही. येत नव्हतं तर हसायचं तरी नव्हतं.

सरांनी मला दंड धरून हेडमास्तरांपुढं उभं केलं. पुढच्या बाजारच्या दिवशी आबांना बोलावणं गेलं. आबा चिखलाच्या धोतरानिशी आले, टोपी काढून दाराशी उभे राहिले. सर म्हणत होते, अशी उर्मट मुलगी शास्त्राला काय, शाळेतच नको.

आबांनी हेडमास्तरांना विचारलं, "सायेब, पोरीचं उत्तर चुकलं का?"

हेडमास्तरांनी पुस्तक उघडलं, सरांनी लिहिलेलं कागदावर उतरवलं, बराच वेळ आकडे मोजले. "उत्तर नाही चुकलं."

"त्वांड चुकलं?"

"तोंड फार चुकलं."

"मग त्वांडाची माफी मागंल. उत्तराची न्हाय मागायची." आणि माझ्याकडं वळून, "माग."

मी हात जोडले. "सर, फळ्यावर दोन घालायचा तुम्ही विसरलात, हे मी सगळ्यांसमोर बोलले. चुकले."

हेडमास्तरांनी पुस्तक तोंडापुढं धरलं. मला शास्त्र मिळालं.

जूनमध्ये शाळा उघडली. मी मावशीच्या दारातून दप्तर घेऊन निघाले तेव्हा जोडीदारीण शेजारच्या भिंतीवर गोवऱ्या थापत होती. कोपरापर्यंत हात शेणानं भरलेले. तिला शिवण मिळालं होतं, आणि आजोबांनी तेवढ्यावर शाळा बंद केली होती. तिनं माझ्या दप्तराकडं बघितलं. "येते गं," मी म्हणाले. तिनं नवी गोवरी जोरात भिंतीवर मारली.

पुढं मी शिकले, शिकवलं, पोरांना समीकरणं घातली. कुणालाही "पाठ कर" म्हटलं नाही. पण ते काही पुण्य नव्हे. उशिरा भरलेलं पाणी जळालेल्या वाफ्याला काय कामाचं?

काही वर्षांपूर्वी मावशीच्या नातवाच्या लग्नाला जळोचीला गेले. ओळखू येऊ नये इतकी घरं झालेली. पण शेजारचं अंगण होतं, आणि अंगणात पोत्यावर बसून एक म्हातारी मेथीच्या जुड्या बांधत होती.

"या, शास्त्रीणबाई," ती मान वर न करता म्हणाली. "गुडघ्याची खरूज गेली का?"

मी खाली बसले. तिनं उठून एक जुडी माझ्या पिशवीत टाकली. "ने. घरची हाय." मग बोलता बोलता तिनंच तो विषय काढला.

"ते पाण्याचं काय व्हतं गं? मला अजून कळलं न्हाय बघ. तू पाठ केलंस आन मी बी पाठ केलं. तुला कसं आलं?"

मी तिच्याच जुड्या ओढल्या. पोत्यावर मांडल्या. इकडं दोन, इकडं एक, पलीकडं पाण्याच्या दोन. आतल्या काड्यांना हात लावायचा नाही, जुड्या वाढवायच्या. सगळं सांगायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही.

तिनं मांडलेल्या जुड्या बोटानं मोजल्या. मग म्हणाली, "थांब. माझ्या फळ्यावरचं काय व्हतं? एकीकडं तीन, एकीकडं दोन." तिनं डावीकडं दोन जुड्या सारल्या, उजवीकडं एक-एक करत तीन. ओठ हलवत मोजलं. "ह्याच्या दोन, त्याच्या तीन. सा-सा. आन मधल्या त्या दुसऱ्या जिनसाच्या बी दोन. बसलं का?"

"बसलं."

"एवढंच व्हतं?"

"एवढंच."

"कवा कळलं तुला हे?"

खोटं बोलता आलं असतं. सवय होती. "चाचणीच्या आधी. तू रस्त्यात विचारलंस, त्याच्या आदल्या दिवशी."

तिनं माझ्या पिशवीत हात घातला, मघाशी टाकलेली जुडी बाहेर काढली, सोपटाचा बंद एका हिसक्यात सोडला, आणि सगळी मेथी सुटी करून माझ्या पदरात ओतली.

"ने आता," ती म्हणाली, आणि पुढची जुडी बांधायला घेतली.